सव्वीस वर्षांचा पडदा

मत्सर हा शब्द मी माझ्या बाबतीत कधी कोणाला उच्चारू दिला नाही. माझ्या वयाच्या आणि माझ्या पदावरून निवृत्त झालेल्या बाईला मत्सर होत नसतो, तिला केवळ इतरांच्या चुका दिसतात, असे मी कित्येक वर्षे मानत आले. म्हणून तो शब्द पहिल्याच ओळीत लिहून टाकला आहे. आता पुढे तो मला चुकवता येणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेतले यंत्र सव्वा किलोमीटर लांब आहे. त्याच्या शेवटच्या टोकाला क्ष-किरणांचा असा झोत निघतो की त्यात रेणूंची हालचालसुद्धा टिपता येते. पाहुण्यांना त्या टोकाशी नेतात, तिथे काचेच्या भिंती आहेत, बसायला गुबगुबीत खुर्च्या आहेत. सुरुवातीच्या टोकाशी कोणी पाहुणा येत नाही. तिथे जाड काँक्रीटच्या भिंतींमागे एक लहान खोली आहे आणि खोलीत मोठ्या कुकरएवढे एक तांब्याचे भांडे आहे. त्याला आम्ही गन म्हणतो. गनच्या पाठीशी नाण्याएवढी चकती असते. तिच्यावर लेसरचा ठिपका पडतो, चकतीतून दीडएक अब्ज इलेक्ट्रॉनांचा घोळका सुटतो आणि गनमधले विद्युतक्षेत्र त्याला पुढे भिरकावते.

सगळे काही त्या पहिल्या वीतभर अंतरात ठरते. शाळा सुटल्यावर मुले दारातून बाहेर पडतात. दार किती अरुंद आणि मुले किती सरळ चालणारी, यावर ती पुढे ओळीत राहतील की मैदानभर पांगतील हे ठरते. घोळक्याच्या या पांगण्याला एमिटन्स म्हणतात. आकडा जितका लहान, तितका घोळका शिस्तीचा आणि पुढचा झोत तेजस्वी. गनपाशी पांगलेला घोळका पुढच्या सव्वा किलोमीटरात कोणालाही सावरता येत नाही.

ती तांब्याची गन माझी आहे. मी तिचा आराखडा काढला, तिच्या आतला पृष्ठभाग आरशासारखा घासून घेतला, आणि सव्वीस वर्षांपूर्वी तिच्यातून पहिला घोळका बाहेर आला तेव्हा पडद्यावरचा तो हिरवा ठिपका पाहायला मी पाच माणसांना नियंत्रणकक्षात येऊ दिले, सहाव्याला नाही. पडदा म्हणजे एका स्फटिकाची पातळ चकती. तिच्यावर इलेक्ट्रॉन आदळले की ती उजळते आणि कॅमेरा तिचे चित्र घेतो. त्या ठिपक्याच्या रुंदीवरून एमिटन्स काढतात. पडदाही मीच निवडला. एकाच स्फटिकातून दोन चकत्या कापून घेतल्या, एक माझ्या गनपुढे बसवली आणि दुसरी शेजारच्या चाचणीच्या खोलीत. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: मोजपट्टी बदलायची नाही. कॅमेरे बदलले, संगणक चारदा बदलले, तीन संचालक झाले. पडदा तोच राहिला, म्हणून पहिल्या वर्षीचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. दुसरा नियम असा की गनविषयीचा कोणताही अहवाल माझ्या सहीवाचून बाहेर जायचा नाही. निवृत्तीनंतर मला सल्लागार म्हणून एक खोली दिली, तेव्हा तो नियमही खोलीबरोबर माझ्याकडेच राहिला.

आता सुनेविषयी. तिला मीच आणली. आधी माझी विद्यार्थिनी म्हणून प्रयोगशाळेत आणली. मग माझ्या मुलाने तिला घरात आणली. मुलगा दातांचा डॉक्टर आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने स्वतः पद्धत पाडली: घरी ती मला आई म्हणे आणि प्रयोगशाळेच्या फाटकातून गाडी आत शिरली की मॅडम. गाडी ती चालवते. फाटकाशी ओळखपत्र दाखवायला काच खाली करायची आणि काच वर होईपर्यंत मी मॅडम झालेली असायची. मला ही पद्धत आवडत असे. हिला जागा कळते, असे मी चारचौघांत सांगितलेही होते.

पाच वर्षांपूर्वी तिने नव्या गनचा प्रस्ताव मांडला. तांब्याच्या चकतीऐवजी अँटिमनी, पोटॅशियम आणि सीझियम यांचा एक पातळ थर, जांभळट रंगाचा. त्यातून इलेक्ट्रॉन फार हलकेच सुटतात, पांगत नाहीत. थर मात्र इतका नाजूक की हवेचा नुसता वारा लागला तरी मेला. माझी तांब्याची चकती मेकॅनिकने एकदा चुकून हाताळली होती, तरी पुसून पुन्हा वर्षभर चालली. मी म्हणाले की हे यंत्र आहे की नवजात अर्भक. लोक हसले, प्रस्ताव मात्र मंजूर झाला.

त्यानंतर मला बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. नियंत्रणकक्षात मी शिरले की बोलणे थांबे. ती शिरली की सुरू होई. आमच्या मेकॅनिकच्या वरच्या खिशात सदैव पाना असतो, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणतात. तो तीस वर्षे सकाळी पहिल्यांदा माझ्या खोलीत डोकावत असे. आता तो आधी चाचणीच्या खोलीत जाई. मी एकदा विचारले तर म्हणाला, "मोठ्या बाई, तुमची गन म्हातारी झाली, ती रडत नाही. धाकट्या बाईंची सारखी रडते." पुढे हसून म्हणाला, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे."

यंदाच्या मार्चमध्ये, नव्या गनची पहिली मापे सुरू होण्याआधी, सुनेने आठवड्याच्या बैठकीत विचारले की चाचणीच्या खोलीतला पडदा बदलून घ्यावा का, तो फार जुना आहे आणि आपला ठिपका बराच लहान असेल. तिचा स्वर विचारण्याचाच होता. पंधरा माणसे बसली होती. मी म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. तीही हसली आणि तिने वहीत काहीतरी खोडले. पडद्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

निर्णय ऑगस्टमधल्या एका गुरुवारी व्हायचा होता. यंत्र वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होते, मापांपुरत्या दोन्ही गन तेवढ्या चालवता येत. समिती सकाळी अकराला बसणार आणि पुढची दहा वर्षे यंत्राच्या तोंडाशी कोणती गन राहील हे ठरवणार. अट लेखी होती: नव्या गनचा आकडा शून्य पूर्णांक चाळीसच्या आत आला तर ती बसेल आणि माझी निघेल. नाही आला तर तांब्याची गन राहील, नव्या गनचे काम बंद होईल आणि सुनेच्या गटातली सात माणसे इतर विभागांत वाटली जातील. सून कुठे जाईल, हे त्या कागदात नव्हते. मला ठाऊक होते. इमारतींच्या देखभालीचे नियोजन करणारी एक जागा रिकामी होती.

सोमवारी आकडा आला: शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी.

मला काय वाटले ते लिहिते. मला हायसे वाटले. मी दुपारी पोटभर जेवले. घरी आल्यावर बैठकीतल्या खुर्चीचे पाय पुसले, जे काम मी दहा वर्षांत केले नव्हते. मुलगा म्हणाला, "आई, तू गुणगुणते आहेस." मी म्हटले की घसा साफ करते आहे. सून ताटावर बसली आणि अर्ध्यातून उठली. मुलगा आमच्याकडे आळीपाळीने पाहत म्हणाला, "मी दातांचा डॉक्टर. मला फक्त तोंड उघडायला सांगता येतं. तुम्ही दोघी अशा मिटून बसलात तर माझा धंदा बसायचा." कोणीच हसले नाही म्हणून त्याने स्वतःच थोडे हसून घेतले.

मंगळवारी दुपारी तिने अहवाल माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मॅडम, सही हवी आहे. काही राहिलं असेल तर सांगा." ती गेली. मी चष्मा पुसला आणि पाने उलटली.

एमिटन्स मोजण्याची रीत अशी. गनच्या पुढे एक चुंबक असतो, तो भिंगासारखे काम करतो. त्यातला प्रवाह पायरीपायरीने वाढवायचा आणि प्रत्येक पायरीला पडद्यावरच्या ठिपक्याचे चित्र घ्यायचे. ठिपका आधी आकसतो, मग पुन्हा पसरतो. रुंदी कागदावर मांडली की वाटीसारखी रेघ येते आणि त्या वाटीचा तळ किती खोल यावरून आकडा निघतो. आता हे सगळे संगणक करतो. तो बिंदूंमधून आपली सुबक रेघ काढतो आणि मुले रेघ पाहतात. मी जुन्या वळणाची आहे, मी बिंदू पाहते.

बिंदू वाटीचे नव्हते. दोन्ही बाजूंनी ते व्यवस्थित उतरत आले होते आणि तळाशी, जिथे ठिपका सर्वांत लहान व्हायला हवा, तिथे बसकट झाले होते. वाटीऐवजी परात. संगणकाने त्यातूनही एक मऊ रेघ ओढून दिली होती.

मी खोलीचे दार लावले. मूळ चित्रे मागवण्याची मला गरज नव्हती, माझ्या संगणकावर ती मिळत. प्रत्येक घोळक्यात विद्युतभार सारखाच होता, तो वाटेच्या शेवटी घोळका झेलणाऱ्या धातूच्या पेल्यात मोजला गेला होता. भार सारखा तर पडद्यावरचा एकूण उजेडही सारखा हवा, ठिपका पसरट असो की बारीक. मी एकेका चित्रातल्या उजेडाची बेरीज केली. ठिपका पसरट असताना बेरीज शंभर धरली, तर तळाशी ती एकसष्ट होती.

म्हणजे पडदा थकत होता. इतके इलेक्ट्रॉन इतक्या लहान जागी एकदम आदळत होते की स्फटिकाला त्यांच्या प्रमाणात उजळता येत नव्हते. ठिपक्याचा मधला, सर्वांत दाट भाग निस्तेज दिसत होता, त्यामुळे कडा जड वाटत होत्या आणि ठिपका होता त्याहून जाड मोजला जात होता. माझ्या गनने त्या पडद्याला कधी एवढा त्रास दिला नव्हता. सव्वीस वर्षांत तेवढा दाट घोळका माझ्याकडून निघालाच नव्हता.

मी पुन्हा बेरीज केली. एकसष्टच आली. मग मी अहवालाच्या शेवटच्या पानावर सही केली, तारीख घातली आणि कागद शिपायाकरवी पाठवून दिला.

मी स्वतःला काय सांगितले तेही लिहिते. मी सांगितले की अहवालात जे मोजले ते खरेच लिहिले आहे. माझी सही मोजणीवर आहे, निष्कर्षावर नाही. तिने स्वतः बेरीज करून पाहायला हवी होती. माझ्या हाताखाली शिकली आहे, तिला हे कळायला हवे. तिच्या जागी मी असते तर मला कोणी सांगायला आले नसते, आणि खरोखरच कधी कोणी आले नव्हते. यातले प्रत्येक वाक्य बरोबर होते. तरी सही करताना माझी लेखणी कागदात रुतली होती, हे मला मागून कळले, कारण खालच्या कोऱ्या कागदावरही माझे नाव उमटले होते.

बुधवारी तुलनेसाठी माझ्या गनचे माप घ्यायचे होते. त्या दिवशी मी मुद्दाम खोलीबाहेर पडले नाही. चार वाजता पाना आला, दाराशीच उभा राहिला आणि हातातला पाना एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिला. मी विचारले तेव्हा म्हणाला की आकडा आला, शून्य पूर्णांक अठ्ठ्याहत्तर.

माझा आजवरचा सर्वांत चांगला आकडा ऐंशी होता. तो अकरा वर्षांपूर्वीचा, आणि त्यासाठी मी तीन आठवडे घेतले होते.

पानाने सांगितले की सकाळी पहिल्या मापात ब्याण्णव आले होते. मुले म्हणाली, चला, लिहा, आपली गन एक्क्याऐंशी, जुनी ब्याण्णव, निदान अब्रू तरी राहिली. धाकट्या बाईंनी ऐकले नाही. त्यांनी लेसरचे आरसे एकेक करून पुन्हा बसवले, ठिपका चकतीच्या बरोबर मध्यावर आणला, चुंबक केसाएवढा सरकवून घेतला. सहा तास. जेवायलाही गेल्या नाहीत. मुले कुरकुरली तेव्हा म्हणाल्या, आईंच्या गनवर अन्याय नको.

"आई म्हणाल्या?" मी विचारले. "इथे?"

"हो," पाना म्हणाला. "मलापण नवल वाटलं."

तो गेल्यावर मी बराच वेळ टेबलाच्या कडेवरचा एक पापुद्रा नखाने सोलत बसले. लोकांना वाटेल की मला या क्षणी लाज वाटली. लाज नंतर आली. आधी संताप आला. माझी गन, जिच्या प्रत्येक आटीवरून माझी बोटे फिरली होती, ती माझ्यापेक्षा तिचे अधिक ऐकत होती. मला तीन आठवड्यांत जमले नाही ते तिने सहा तासांत केले, तेही माझ्या भल्यासाठी, तेही स्वतःची मान सुरीखाली देऊन. पानाने मागे सुनावलेली ती म्हण त्या वेळी मला आठवली. शत्रूने मात केली असती तर मला सोसले असते. ही तर मला जिंकवून देत होती.

त्या संध्याकाळी घरी तिने मला विचारले, "आई, उद्या लवकर निघायचं का?" मी म्हणाले, नेहमीच्या वेळी.

गुरुवारी अकराला समिती बसली. नऊ माणसे, लांब टेबल, भिंतीवर दोन रेघा शेजारीशेजारी दाखवलेल्या. संचालक एके काळचा माझाच विद्यार्थी. आता टक्कल पडले आहे, पण अजून माझ्यासमोर खुर्चीत मागे टेकून बसत नाही. त्याने दोन्ही आकडे वाचले. नवी एक्क्याऐंशी, जुनी अठ्ठ्याहत्तर. जुन्या गनचा हा आजवरचा विक्रम आहे असे सांगून त्याने माझ्याकडे पाहून मान लववली, आणि दोनचार जणांनी टेबलावर हलकेच थापा मारल्या. मी इतकी वर्षे अशा थापांची वाट पाहिली होती. एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "जुनं ते सोनं." शेजारचे म्हणाले, "तांबं. तांबं."

मग संचालकाने सुनेला विचारले की निर्णय नोंदवण्याआधी तिला काही म्हणायचे आहे का. मला वाटले ती पडद्याचे नाव काढील. मार्चमधले माझे बोल इतक्या माणसांपुढे माझ्या पदरात टाकण्याची तिला ही शेवटची संधी होती. मी मनात उत्तरही तयार ठेवले होते.

ती उभी राहिली. तिच्या बाहीला लेसरच्या टेबलाचा काळा डाग होता. ती म्हणाली, "काही नाही. आकडा तो आकडा."

हे वाक्य माझे आहे. पहिल्या वर्षी तिने आपल्याला हवे तसे चार बिंदू गाळून आकडा सुधारला होता, तेव्हा मी तिचा कागद सगळ्यांदेखत फाडून हे वाक्य म्हणाले होते. ती त्या दिवशी रडली होती. पुन्हा तिने एकही बिंदू गाळला नाही, परातीच्या तळाचासुद्धा नाही. ते सगळे बिंदू तिने जसेच्या तसे माझ्यापुढे आणून ठेवले होते. आणि मी सही केली होती.

"थांबा," मी म्हणाले.

संचालकाची लेखणी थांबली.

"नोंद करू नका. हा आकडा खोटा आहे." सुनेने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे न पाहता पानाला हाक मारली, तो दाराशी तारांचे भेंडोळे घेऊन उभा होता. "चाचणीच्या खोलीत पडद्याच्या मीटरभर अलीकडे बारीक फट असलेली टंगस्टनची पट्टी आहे. मीच बसवून घेतली होती. तिचा दांडा फिरतो का बघ."

"चौदा वर्षं कोणी हात लावला नाही, बाई."

"म्हणून तर बघ म्हणते आहे."

मग मी समितीला समजावले. घोळक्याच्या वाटेत ती पट्टी आणायची. केसाहून बारीक फटीतून घोळक्याचा एक पातळ काप तेवढा पलीकडे जातो. तो पडद्यावर पोहोचेपर्यंत किती पसरला ते मोजायचे. मग घोळका थोडा सरकवून पुढचा काप. कापात इलेक्ट्रॉन थोडे, त्यामुळे पडदा थकत नाही. सगळे काप जोडले की खरा आकडा मिळतो. एका सदस्याने विचारले की पडदा थकतो हे कशावरून. मी उजेडाची बेरीज सांगितली, शंभर आणि एकसष्ट. मी ते आकडे कागद न पाहता सांगितले. सुनेच्या चेहऱ्यावर मला त्याच क्षणी दिसले की तिला कळले. आकडे तोंडपाठ असायला ते आधी पाहावे लागतात.

दोन तास बैठक थांबली. दांडा जाम होता. पानाने त्याला तेल पाजले, शिव्या दिल्या आणि शेवटी फिरवला. खोली रिकामी करून कुलूप लागले, लाल दिवा पेटला. नियंत्रणकक्षात सून मधल्या खुर्चीवर आणि मी तिच्या मागे उभी. खुर्ची कोणीतरी पुढे केली, मी घेतली नाही. एकेक काप पडद्यावर येत गेला, फिकट हिरव्या उभ्या रेघा, इतक्या बारीक की मला चष्मा कपाळावर चढवून संगणकाच्या अगदी जवळ जावे लागले. असा घोळका मी माझ्या डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. एकवीस काप झाल्यावर तिने बेरीज केली, पुन्हा केली, मग मागे न वळता कागद माझ्या दिशेने धरला.

शून्य पूर्णांक चौतीस.

खोलीत मुलांनी गलका केला. ती मात्र बसूनच राहिली.

समिती पुन्हा बसली. संचालकाने अत्यंत आदराने, आणि म्हणूनच फार सावकाश, विचारले की मग हा पडदा आजवर बदलला का गेला नाही. मार्चमध्ये त्या पंधरांत तोही बसला होता. त्याला उत्तर माहीत होते. माणसे आपापल्या कागदांत पाहू लागली.

मी म्हणाले, "तिनं मार्चमध्ये विचारलं होतं. मी तिला नाचता येत नाही म्हणाले. अंगणच वाकडं होतं. ते माझं होतं, म्हणून मी कोणाला सारवू दिलं नाही. आणि हे मला आज कळलेलं नाही. मंगळवारी सही करण्यापूर्वी कळलं होतं. तेही नोंदवा."

"मॅडम, ते नोंदवायची गरज..."

"नोंदवा."

त्याने नोंदवले. नवी गन मंजूर झाली. गनच्या अहवालांवर माझी सही लागण्याचा नियम मी त्याच बैठकीत मागे घेतला. तो मागे घ्या असे मला कोणी म्हणेपर्यंत थांबणे मला मानवले नसते.

संध्याकाळी गाडी फाटकातून बाहेर पडली. काच खाली झाली, वर झाली. चौथ्या चौकात दिवा लाल होता. समोर पाहत ती म्हणाली, "पाच वर्षं. मी सामान बांधायला घेतलं होतं."

मी म्हणाले, "माहीत आहे."

"तुम्ही सही करताना मनात काय होतं?"

मला बरीच उत्तरे देता आली असती, मंगळवारची सगळी बरोबर वाक्ये अजून शाबूत होती. मी म्हणाले, "तुझा ठिपका माझ्यापेक्षा लहान होता."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला तेव्हा तिने गाडी पुढे घेतली.

रात्रीच्या जेवणाला मुलाने बातमी ऐकून दोघींचे अभिनंदन केले आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवायला सांगितले. सुनेने तो सरकवला आणि म्हणाली, "घ्या, मॅडम." मुलाला ती गंमत वाटली, तो मोठ्याने हसला. आम्ही दोघी जेवत राहिलो. तेव्हापासून घरातही मी मॅडमच आहे. तिचा सूर नम्र असतो, माझ्या औषधांच्या वेळा ती पूर्वीसारख्याच सांभाळते, आणि तक्रार करायला मला तसूभर जागा नाही.

सप्टेंबरात माझी गन काढली. ती कुठे ठेवायची हे तिने मला विचारले आणि मी सांगितले तिथे, मार्गिकेच्या वळणावर, काचेच्या पेटीत ती ठेवली. पेटीवरच्या पाटीत आकडा अठ्ठ्याहत्तर लिहिला आहे. त्याखाली माझे नाव आहे. तो आकडा सुनेने काढला, तिथे माझे नाव चुकीचे आहे असे मी दोनदा कळवले, कोणी बदलले नाही. रोज तिथून जाताना मला ते वाचावे लागते. नव्या गनचे दिवसभराचे आकडे भिंतीवरच्या फलकावर येतात, तेही मी वाचते. चांगला आकडा आला की पोटात अजून दुखते. सत्तरी ओलांडल्यावर जे अवयव सुधारत नाहीत, त्यांत हा एक असावा.

काल मात्र ती माझ्या खोलीत आली. नवा पडदा बसवला आहे आणि त्यावरचे पहिले माप होते. तिने कागद माझ्यापुढे ठेवला, संगणकाची रेघ काढून टाकून नुसते बिंदू छापलेला, आणि तळाशी असलेल्या तीन बिंदूंवर बोट टेकवले.

"हे जरा बघता का?" ती म्हणाली. आई म्हणाली नाही, मॅडमही नाही.

मी चष्मा लावला. दार उघडेच होते. मी तिला खुर्ची ओढून घ्यायला सांगितले आणि आम्ही उजेडाची बेरीज करायला बसलो.